पाळीव प्राण्यांचा विमा : संरक्षण किती, मर्यादा कोणत्या ?

गुलमंडी ही छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातील सदैव गजबजलेली पेठ. पैठण गेटकडून येणारा रस्ता, औरंगपुऱ्याकडे आणि सिटी चौकाकडे फुटणाऱ्या वाटा, सुपारी हनुमानाचे मंदिर आणि रस्त्याच्या दुतर्फा दुकानांची रांग असे या पेठेचे रूप पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या ओळखीचे आहे. येथे कापड घ्यायला आलेला माणूस ते उजेडात धरून पाहतो, पोत बोटांनी चाचपतो, रंग जाईल काय असे विचारतो आणि पन्हा मोजून घेतल्यावरच पैसे देतो. विम्याचे कागद घेताना मात्र हाच चोखंदळ ग्राहक हप्त्याचा आकडा तेवढा पाहतो आणि सही करतो. विमापत्रात कशाला किती मर्यादा आहे याची त्याला जाणीव होते ती संकट येऊन गेल्यावर, दाव्याची रक्कम हाती पडते तेव्हा.

जुन्या शहरातील वाड्यांत पूर्वी कुत्रा हा दाराचा राखणदार असे आणि मांजर उंदरांचा बंदोबस्त करी. आता शहरी कुटुंबात या प्राण्यांना घरच्या माणसाचे स्थान मिळाले आहे. त्यांच्यावरील उपचारही बदलले. क्ष-किरण तपासणी, सोनोग्राफी, रक्ततपासण्या, हाडात सळई बसविण्याची शस्त्रक्रिया या गोष्टी आज प्राण्यांसाठीही होतात. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांत उपचार अल्प शुल्कात मिळतात; परंतु खाजगी रुग्णालयातील मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाला सहज खिंडार पाडू शकतो. अरुंद गल्लीतून दारासमोर धावणारी दुचाकी वाहने, मिरवणुकीतील वाद्यांचा गलका, दिवाळीतील फटाक्यांनी बिथरून पळालेला कुत्रा, हे धोके पेठेतील रहिवाशांना नवे नाहीत. अशा वेळी विमा उपयोगी पडतो. तो कोणत्या मर्यादेपर्यंत उपयोगी पडतो हे समजून घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

गोठ्यापासून घरापर्यंत

प्राण्यांच्या विम्याची कल्पना शेतीतून आली. युरोपात प्रथम घोडे व गुरे यांचा विमा उतरविला जात असे. स्वीडनमध्ये १९२४ साली कुत्र्याचा विमा उतरविला गेला आणि तेथूनच घरगुती पाळीव प्राण्यांच्या विम्याची वाट सुरू झाली असे मानले जाते. अमेरिकेत असे पहिले विमापत्र १९८२ साली दूरचित्रवाणीवर गाजलेल्या ‘लॅसी’ या कुत्र्याच्या नावाने देण्यात आले.

भारतात १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शंभराहून अधिक विमा संस्थांचे नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या चार कंपन्यांत विलीनीकरण करण्यात आले. त्यानंतरच्या वर्षांत गायी-म्हशींचा विमा ग्रामीण भागात पसरला. लहान शेतकऱ्याने कर्ज काढून घेतलेली म्हैस दगावली तर कर्ज मात्र शिल्लक राही. ही आपत्ती टाळणे हा त्या विम्याचा हेतू होता. साहजिकच तो विमा जनावराच्या मृत्यूचा होता, उपचाराचा नव्हता. पुढे याच कंपन्यांनी कुत्र्यांसाठीही विमापत्रे काढली. २००० साली विमा नियामक व विकास प्राधिकरण अस्तित्वात आल्यानंतर खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले आणि अलीकडच्या काळात कुत्र्यांबरोबर मांजरांसाठीही योजना मिळू लागल्या.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, आजच्या पाळीव प्राण्यांच्या विमापत्रात गोठ्यातील विम्याचे अनेक नियम जसेच्या तसे उतरले आहेत. प्राण्याची निश्चित ओळख, बाजारभावाशी निगडित विमा रक्कम, पशुवैद्याचा दाखला आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनाचा अहवाल ही सारी त्याच वारशाची अंगे होत.

संरक्षणाचे चार भाग

पाळीव प्राण्याचा विमा हा एकसंध पदार्थ नाही. स्थूलमानाने त्याचे चार भाग पडतात. पहिला भाग मृत्यूचा. अपघाताने किंवा समाविष्ट आजाराने प्राणी दगावल्यास ठरलेली रक्कम मिळते. दुसरा भाग उपचारांचा. रुग्णालयातील वास्तव्य, शस्त्रक्रिया, औषधे व तपासण्या यांचा खर्च त्यात येतो. तिसरा भाग चोरीचा किंवा प्राणी हरवण्याचा. चौथा भाग त्रयस्थाच्या नुकसानीचा. आपल्या कुत्र्याने शेजाऱ्यास अथवा वाटसरूस इजा केली आणि भरपाई देण्याची वेळ आली तर ती काही मर्यादेपर्यंत कंपनी देते.

हे चारही भाग प्रत्येक विमापत्रात असतातच असे नाही. काही जुन्या पद्धतीच्या विमापत्रांत मृत्यूचे संरक्षण हाच गाभा असतो व उपचारांचा खर्च मुळीच नसतो. काही नव्या योजनांत शस्त्रक्रिया व रुग्णालयातील वास्तव्य हा गाभा असून बाकीचे भाग जादा हप्ता भरून घ्यावे लागतात. बाह्योपचार, म्हणजे दवाखान्यात दाखल न होता घेतलेला उपचार, बहुधा वेगळा मोजला जातो. म्हणून ‘आमच्या कुत्र्याचा विमा आहे’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. कोणत्या भागाचा विमा आहे, असाच प्रश्न विचारला पाहिजे.

विमा रक्कम हे आश्वासन नव्हे

विमापत्राच्या पहिल्या पानावर ठळक छापलेली विमा रक्कम ही कंपनी जास्तीत जास्त किती देईल याची सीमा असते. तेवढी रक्कम मिळेलच असे ते वचन नसते. सर्वसाधारण विमा हा भरपाईचा करार आहे. झालेल्या हानीची भरपाई व्हावी, विम्यातून नफा होऊ नये, हे त्याचे मूलतत्त्व होय. वीस हजारांच्या प्राण्याचा विमा पन्नास हजारांना उतरविला तरी मृत्यूच्या दाव्यात पन्नास हजार मिळतील अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

येथेच अनेक कुटुंबांची अडचण सुरू होते. मृत्यूसाठीची विमा रक्कम बहुधा जात, वय व बाजारभाव यांवरून ठरते. परदेशी जातीच्या, वंशावळीची नोंद असलेल्या कुत्र्याची किंमत सांगता येते. परंतु पावसात भिजत दारात आलेले आणि घरच्यांनी आपलेसे केलेले गल्लीतील पिल्लू बाजारात विकत मिळत नाही. कुटुंबाला ते अमोल असले तरी विम्याच्या हिशेबात त्याचे मोल अत्यल्प ठरते. अशा प्राण्यासाठी मृत्यूच्या संरक्षणावर हप्ता खर्च करण्यापेक्षा, संकरित व देशी प्राण्यांनाही उपचारांचे संरक्षण देणारी योजना शोधणे शहाणपणाचे आहे. शस्त्रक्रियेचा खर्च जात पाहून कमी-अधिक होत नाही. मोडलेला पाय देशी कुत्र्याचा असो वा परदेशी, तो सांधण्यास तेवढेच पैसे लागतात.

मर्यादेच्या आत मर्यादा

विमा रकमेच्या आत आणखी काही मर्यादा दडलेल्या असतात. इंग्रजी कागदांत ज्याला ‘सब-लिमिट’ म्हणतात ती पोटमर्यादा एका आजाराला, एका शस्त्रक्रियेला किंवा एका दिवसाच्या रुग्णालय-वास्तव्याला लावलेली असते. ‘डिडक्टिबल’ म्हणजे वजावट. दाव्याचा तेवढा प्रारंभीचा भाग प्रत्येक वेळी मालकाने सोसायचा असतो. ‘को-पे’ म्हणजे मालकाचा हिस्सा. मान्य खर्चापैकी ठराविक टक्के त्याने भरायचे असतात.

हे नियम एकत्र आल्यावर काय होते ते एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. गुलमंडीतील एका कुटुंबाच्या कुत्र्यास दुचाकीची धडक बसली व मागील पायावर शस्त्रक्रिया करावी लागली, असे समजू. एकूण देयक २८,००० रुपयांचे झाले. त्यात विशेष आहाराचे १,२००, गोचिडनाशक स्नानाचे ८०० व शक्तिवर्धक औषधांचे १,००० असे ३,००० रुपये विमापत्रानुसार अमान्य ठरले. मान्य खर्च उरला २५,००० रुपये. विमापत्राची वार्षिक मर्यादा ४०,०००, एका आजाराची किंवा अपघाताची पोटमर्यादा १५,००० आणि मालकाचा हिस्सा २० टक्के आहे.

आता कोणता नियम आधी लावायचा यावर उत्तर अवलंबून राहते. मालकाचा हिस्सा आधी वजा केला तर २५,००० मधून ५,००० जाऊन २०,००० उरतात. त्यांना पोटमर्यादा लागू होऊन १५,००० रुपये मिळतात. उलट पोटमर्यादा आधी लावली तर मान्य खर्च १५,००० पर्यंत खाली येतो, त्यातून २० टक्के म्हणजे ३,००० वजा होतात आणि हाती १२,००० पडतात. पहिल्या प्रकारात कुटुंबाच्या पदरचे १३,००० गेले, दुसऱ्या प्रकारात १६,०००. विमापत्र घेण्यापूर्वी हा क्रम लेखी विचारून घ्यावा, तो याकरिता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दुसऱ्या पद्धतीत एका आजाराला कितीही खर्च झाला तरी १२,००० पेक्षा अधिक मिळत नाहीत. म्हणजे पहिल्या पानावरील ४०,००० रुपये पूर्ण पदरात पडण्यासाठी त्या बिचाऱ्या प्राण्यावर एकाच वर्षात चार मोठी संकटे यावी लागतील !

याच्याशी दुसऱ्या एका योजनेची तुलना करावी. तिची वार्षिक मर्यादा केवळ ३०,००० आहे, पण पोटमर्यादा नाही आणि मालकाचा हिस्सा १० टक्के आहे. त्याच अपघातात २५,००० मधून २,५०० वजा होऊन २२,५०० रुपये मिळतील. पहिल्या योजनेचा हप्ता २,५०० आणि दुसरीचा ३,२०० रुपये असला तर सातशे रुपये अधिक देऊन या एका प्रसंगी साडेसात ते साडेदहा हजार रुपयांचा अधिक आधार मिळतो. मोठा आकडा मिरविणारी योजना अधिक आधार देतेच असे नाही, हे यावरून दिसून येईल.

प्रतीक्षाकाळ आणि अपवाद

विमापत्र हाती आले म्हणजे त्याच दिवसापासून सर्व आजारांचे संरक्षण सुरू झाले, हा समज चुकीचा आहे. आजारांसाठी बहुधा प्रारंभीचा काही दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो. त्या मुदतीत उद्भवलेला आजार ग्राह्य धरला जात नाही. अपघातासाठी मात्र असा काळ बहुधा नसतो किंवा अल्प असतो. विमा उतरविण्यापूर्वीपासून असलेला आजार, जन्मजात दोष, प्रसूतीशी संबंधित खर्च, दात स्वच्छ करणे, केस कापणे, नेहमीचे लसीकरण व जंतनाशक औषधे या गोष्टी सामान्यतः अपवादांच्या यादीत आढळतात. मालकाच्या हयगयीने झालेली हानीही भरून मिळत नाही.

लसीकरणाचे महत्त्व येथे विशेष आहे. अलर्क म्हणजे रेबीज, डिस्टेम्पर, लेप्टोस्पायरोसिस आणि पार्व्हो विषाणूचा आंत्रदाह हे कुत्र्यांचे घातक रोग लसीने टाळता येतात. ज्या कुत्र्याचे लसीकरण वेळेवर झाले नाही, त्याला या रोगांबाबतचा दावा अनेक विमापत्रांत नाकारला जातो. म्हणून लसीकरण पुस्तिकेत तारीख, लसीचे नाव आणि पशुवैद्याची सही व शिक्का यांची नोंद कटाक्षाने करून घ्यावी. ही पुस्तिका हरवणे म्हणजे विम्याचा अर्धा आधार हरवणे होय.

वयाचीही मर्यादा असते. अगदी लहान पिल्लास आणि उतारवयातील प्राण्यास नवा विमा मिळणे कठीण जाते. विमा प्राण्याच्या तरुणपणी घेतला आणि खंड न पडता नूतनीकरण केले तर पुढील वयातही काही काळ संरक्षण चालू राहू शकते. नूतनीकरण कोणत्या वयापर्यंत होईल, हप्ता वयानुसार किती वाढेल आणि पूर्वी झालेला आजार पुढील वर्षी वगळला जाईल काय, हे तीन प्रश्न पहिल्याच वर्षी विचारावेत.

कुत्रा चावल्यास

त्रयस्थाच्या नुकसानीचे संरक्षण हा विमापत्रातील दुर्लक्षित परंतु शहरी वस्तीत मोलाचा भाग आहे. दाट वस्तीच्या पेठेत दार उघडे राहिले आणि कुत्रा रस्त्यावरील मुलाला चावला, तर जखमेच्या उपचारांचा खर्च व दिवाणी भरपाई यांची जबाबदारी मालकावर येऊ शकते. या भागाची मर्यादा वार्षिक आहे की प्रत्येक घटनेची, आणि न्यायालयीन खर्च त्यात धरला आहे काय, हे पाहावे. कुटुंबातील व्यक्तीस अथवा घरच्या नोकरास झालेली इजा अनेकदा या संरक्षणाबाहेर असते.

फौजदारी जबाबदारी मात्र कोणताही विमा उचलीत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीवितास धोका होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर तो रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून चावा बसताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन जखमी व्यक्तीस तत्काळ रुग्णालयात नेणे हे विम्याच्या विचाराआधीचे कर्तव्य आहे.

गोठ्यातील पशुधनासाठी

शहराला दूध पुरविणाऱ्या भोवतालच्या खेड्यांत विम्याचा प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहतो. तेथे गाय किंवा म्हैस हे कुटुंबाच्या चरितार्थाचे साधन असते. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ महाराष्ट्रात पसरली, तेव्हा दगावलेल्या जनावरांसाठी शासनाने दुधाळ जनावरामागे ३०,०००, ओढकाम करणाऱ्या जनावरामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये अर्थसाहाय्य दिले. हे साहाय्य आपत्तीच्या प्रसंगी दिलेला आधार होता. जनावराचा पूर्ण बाजारभाव भरून देणे हा त्याचा हेतू नव्हता. त्या दोहोंतील अंतर भरून काढण्याचा मार्ग म्हणजे पशुधन विमा.

राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ मध्ये केलेल्या सुधारणेनुसार विमाहप्त्यातील पशुपालकाचा हिस्सा १५ टक्के ठरविण्यात आला असून उरलेली रक्कम केंद्र व राज्य शासन ६० : ४० या प्रमाणात सोसतात. समजा, ६०,००० रुपये किमतीच्या गायीचा विमा चार टक्के दराने उतरविला, तर एकूण हप्ता २,४०० रुपये होईल. त्यापैकी पशुपालकाला केवळ ३६० रुपये भरावे लागतील. केंद्राचा वाटा १,२२४ आणि राज्याचा ८१६ रुपये राहील. दर कंपनीनुसार व मुदतीनुसार निराळा असू शकतो, हिशेबाची रीत मात्र हीच.

या विम्यातही मर्यादा आहेतच. कानातील बिल्ला हा त्याचा प्राण आहे. बिल्ला नाही तर दावा नाही, हा पशुविम्यातील जुना नियम आहे. बिल्ला गळून पडल्यास त्वरित कंपनीला कळवून नवा लावून घ्यावा. जनावर जिवंत आहे पण आटले किंवा दूध कमी झाले, एवढ्यावरून भरपाई मिळत नाही. त्यासाठी कायम अपंगत्वाचे जादा संरक्षण विमापत्रात असावे लागते. जनावर विकल्यास विम्याचे पुढे काय होईल, हेही आधीच विचारावे. अधिक माहिती जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळते. आजारी पशूसाठी पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

विमा घ्यावा की न घ्यावा ?

प्रत्येक घराने विमा घेतलाच पाहिजे असा आग्रह धरण्याचे कारण नाही. लस, जंतनाशक, वर्षातून एखाद्या वेळचा ताप हे खर्च ठाऊक असतात व आटोक्यात असतात. त्यांची तरतूद घरखर्चातूनच व्हावी. अशा लहान खर्चांचेही संरक्षण देणारी योजना बहुधा महाग पडते, कारण होणारच असलेला खर्च कंपनी हप्त्यातच मिळवून ठेवते. विम्याचा खरा उपयोग अचानक येणाऱ्या व न झेपणाऱ्या खर्चासाठी आहे.

ज्या कुटुंबाला दरमहा दोनशे-तीनशे रुपये शिस्तीने बाजूला टाकता येतात, त्याने टपाल कार्यालयात किंवा बँकेत आवर्त ठेव उघडून प्राण्यासाठी स्वतंत्र निधी उभारणे हाही एक मार्ग आहे. दरमहा ३०० रुपये टाकल्यास वर्षाला ३,६०० आणि पाच वर्षांत १८,००० रुपये, शिवाय व्याज, असा निधी जमतो. त्याची उणीव एवढीच की, संकट तिसऱ्याच महिन्यात आले तर हाती ९०० रुपये असतात. प्राण्याच्या उतारवयात विमा मिळेनासा होतो त्या वेळी हाच निधी कामी येतो. शक्य असल्यास तरुण वयात मोठ्या उपचारांपुरता विमा आणि त्याच्या जोडीला लहानसा निधी, ही सांगड बहुतेक कुटुंबांना मानवेल.

दावा करताना

विमा हा परस्पर विश्वासाचा करार आहे. प्रस्तावपत्रात प्राण्याचे खरे वय, पूर्वीचे आजार व झालेल्या शस्त्रक्रिया लपवू नयेत. लपविलेली गोष्ट दाव्याच्या वेळी उघड होते आणि सर्वच संरक्षण धोक्यात येते. विमा कायद्यानुसार हप्ता आगाऊ मिळाल्याविना कंपनीवर जोखीम येत नाही. म्हणून पावती जपून ठेवावी आणि नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. प्राण्याची समोरून व दोन्ही बाजूंनी काढलेली छायाचित्रे, अंगावरील खुणांचे वर्णन, सूक्ष्मचकती बसविली असल्यास तिचा क्रमांक आणि महानगरपालिकेचा श्वान परवाना घेतला असल्यास त्याची प्रत हे सर्व एकाच पाकिटात ठेवणे सोयीचे असते.

अपघात, आजार किंवा चोरी घडताच विमापत्रातील मुदतीत कंपनीला कळवावे. देयकांत प्रत्येक बाबीचा खर्च स्वतंत्र दाखविण्यास सांगावे. चोरी झाल्यास पोलिसांत तक्रार नोंदवावी. प्राणी दगावल्यास कंपनीला कळविल्यावाचून अंत्यविधी करू नये, कारण शवविच्छेदनाचा अहवाल आवश्यक ठरू शकतो. दुःखाच्या त्या घटकेला ही गोष्ट कठोर वाटते; म्हणूनच ती आधी माहीत असणे बरे.

दावा नाकारला गेला किंवा कमी रक्कम मिळाली तर कारण लेखी मागावे आणि प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ या व्यवस्थेकडे १५५२५५ या क्रमांकावरून तक्रार नोंदविता येते. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत दाद मागता येते. मराठवाड्यासाठी हे कार्यालय पुण्यास आहे. तेथे शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. यापलीकडे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. तथापि, मर्यादा विमापत्रात स्पष्ट लिहिलेली असेल आणि ग्राहकाने ती वाचलीच नसेल, तर कोणत्याही व्यासपीठावर त्याची बाजू लंगडी पडते.

तेव्हा सही करण्यापूर्वी पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात : कोणते भाग समाविष्ट आहेत; एका आजाराला मिळणारी कमाल रक्कम किती; वजावट व मालकाचा हिस्सा किती आणि तो कोणत्या क्रमाने लागू होतो; प्रतीक्षाकाळ व अपवाद कोणते; नूतनीकरण कोणत्या वयापर्यंत होते. ही उत्तरे मिळाल्यानंतरच हप्त्याची तुलना करावी. गुलमंडीच्या बाजारात कापडाचा पन्हा मोजल्याखेरीज जो ग्राहक पैसे देत नाही, त्याने घरच्या मुक्या सोबत्यासाठी विमापत्र घेतानाही तीच सवय पाळली, तर ऐन संकटात पदर अपुरा पडल्याची हळहळ करण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.